अर्जातला सातवा रकाना

वॉल्डॉर्फ शाळेच्या प्रवेशअर्जात सातवा रकाना होता : घरी मुलाला कोणत्या भाषेत गाणी म्हणता? परमुलखातून शहरात आलेल्या शिंप्याने तिथे बेधडक शहराची भाषा लिहून टाकली. साफ खोटं! घरात त्या भाषेत गाणं सोडाच, कुणी धड शिंकतसुद्धा नव्हतं.

"कशाला खोटं लिहायचं?" बायको म्हणाली.

"खरं लिहिलं तर दारातूनच परत पाठवतील."

बिचाऱ्याचा अनुभव तसाच होता. शहराची भाषा बोलताना तो जरा अडखळला, की गिऱ्हाईक कापड काखेत मारून चालू पडायचं. म्हणून रस्त्यात लेक आपल्या भाषेत ओरडली, की तो हळूच तिचा हात दाबायचा. लेक सहा वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून नाव पडलं भिंगरी. तिच्याकडून त्याने महिनाभर शहराच्या भाषेतले अंक, रंग, बारा महिन्यांची नावं घोटून घेतली. वर सक्त ताकीद दिली, "तिथे आपल्या भाषेतला एकही शब्द काढायचा नाही." पहिलीत जागा एकच उरली होती.

भेटीच्या दिवशी पहिलीच्या बाईंनी वर्गाच्या दारातच आधी भिंगरीशी हात मिळवला, मग शिंप्याशी. आत मेणाचे जाड खडू होते, लाकडी ठोकळे होते, पुस्तक मात्र औषधालाही नव्हतं; वॉल्डॉर्फची रीतच तशी, आधी गाणी नि हातकाम, पुस्तकं मागाहून. परीक्षाही नाही! बाईंनी आठ-दहा मुलांच्या गोलात तिला उभं केलं आणि धान्य भरलेली कापडी पिशवी तिच्याकडे फेकली. एक गाणं एका परदेशी भाषेत, लगेच दुसरं दुसऱ्या. अर्थबिर्थ कुणी सांगत नव्हतं. टाळ्या वाजवता वाजवता मुलं त्या दोन्ही परक्या भाषा सहज बोलत होती. भिंगरी पिशवी झेलत होती, उड्या मारत होती, पण ओठ घट्ट मिटलेले.

बाईंनी नाव विचारलं. गप्प. आवडता रंग? गप्प. शिंप्याला दरदरून घाम फुटला. बारा महिने तोंडपाठ असलेली पोर मुकी झाली होती. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. गेली जागा, त्याने मनाशी म्हटलं.

इतक्यात पिशवी उसवली आणि दाणे वर्गभर पसरले. मुलं दाणे वेचायला धावली. शिंप्याला मात्र उसवलेली शिवण बघवेना. कॉलरखाली खोचलेली सुई काढून तो तिथेच फरशीवर बसला आणि टाके घालू लागला. हात चालू झाले की तोंडही चालू, ही त्याची आईकडून आलेली सवय, आणि गाणंही आईच्याच भाषेतलं.

"एक टाका वर, एक टाका खाली,
सुई गेली गावाला, परत कधी आली?"

टेबलाखालून भिंगरीचा आवाज आला, "आत्ताच आली!" दुसऱ्या फेरीला सगळा वर्ग टाळ्या वाजवत "आत्ताच आली!" ओरडला. तेव्हा कुठे शिंपी भानावर आला. सुई जागच्या जागी थांबली.

भिंगरी कमरेवर हात ठेवून समोर उभी. "बाबा, तूच बोललास! चुकून आपला शब्द निघेल म्हणून मी केव्हाची गप्प बसलेय!"

शिंप्याला कुठे तोंड लपवू असं झालं. बाई हसत हसत त्याच्याशेजारी फरशीवर बसल्या आणि वही पुढे केली. तिथे लिहिलं होतं : हात, पाय, कान उत्तम. घरचं गाणं कुठे लपवलंय?

"ते सापडलं," बाई म्हणाल्या. "जागा तिचीच. तेवढा सातवा रकाना नीट भरा. आणि बुधवारी शिवणकामाच्या तासाला याल का? पुढच्या ओळी आम्हाला येत नाहीत."

शिंप्याचे डोळे भरून आले. त्याने रकान्यातली ओळ खोडली आणि आपल्या भाषेचं नाव चांगलं ठळक लिहिलं.

परतताना भर रस्त्यात भिंगरीने गाणं सुरू केलं, तेही टिपेच्या सुरात. सवयीने त्याने तिचा हात दाबला. ती थांबली.

"चुकलो गं," तो म्हणाला, आणि पुढची ओळ त्याने तिच्याहून मोठ्याने म्हटली.