तेजूच्या मळ्यात मी कुठे?

माझी लेक तेजस्विनी चित्रकलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. परीक्षेसाठी तिने आमचा मखमलाबादचा झेंडूचा मळा कॉम्प्युटरमध्ये उभा केला. डोळ्यांवर जाड चष्म्यासारखा डबा बांधायचा, दोन्ही हातांत एकेक दांडकं धरायचं, की माणूस थेट मळ्यात! चालायचं, वाकायचं, फुलं तोडायची. खऱ्या मळ्यात तोडणीला बोलावलं की हिच्या पाठीत चमक भरते, हे मात्र कोणी विचारायचं नाही.

दिवाळीपासून ती मळ्यात फोटो काढत हिंडत होती. सासऱ्यांचे काढले, धाकट्या मयूरचे काढले, कुत्र्याचेसुद्धा काढले. मी समोर आले की म्हणायची, "आई, तू हो ना बाजूला." मी मुकाट्याने बाजूला व्हायचे.

प्रदर्शनाला मी ठेवणीतली साडी नेसून गेले. डबा घातलेल्याला जे दिसतं ते भिंतीवरच्या पडद्यावर सगळ्यांना दिसत होतं. विहीर, पाण्याच्या मोटारीची खोली, पेरूचं झाड, बाजेवर सासरे, पाटात पाय सोडून बसलेला मयूर. कुत्रा तर शेपटीसुद्धा हलवत होता. मी कुठेच नव्हते. फार वाईट वाटलं. राबायला मी आणि मिरवायला कुत्रा!

"तेजू, मी कुठं हाय गं याच्यात?"

"आई, थांब ना जरा. परीक्षक आलेत."

परीक्षक म्हणजे सहा फुटी, दाढीवाले सर. त्यांनी डबा चढवला आणि लगेच एक फूल ओढलं. तुटेना. दुसरं ओढलं, तेही तुटेना. सर वैतागले. तेजू हाताची घडी घालून उभी. मार्क जायची वेळ आली तरी पोरगी तोंड उघडेना! शेवटी मलाच राहवलं नाही.

"अहो सर, आधी आसरांना हात जोडा! विहिरीपाशी शेंदूर लावलेले दगड हायेत बघा, पाण्याच्या देवी त्या. त्यांना विचारल्याबिगर तोडणी नाय करत आम्ही."

सर गेले, हात जोडले, आणि फुलं पटापट टोपलीत पडू लागली. तेवढ्यात बाजेवरून सासऱ्यांचा हुबेहूब आवाज आला, "सुवर्णे, मोटार बंद कर!"

"आले, आले!" मी ओरडले आणि दोन पावलं निघालेसुद्धा. सगळा हॉल हसला. सर मात्र गोंधळले.

"सुवर्णा कोण?"

"तुम्हीच, सर," तेजू म्हणाली.

सरांनी खाली पाहिलं. इतका वेळ माझं लक्ष फुलांकडे होतं; आता पडद्यावरचे दोन हात नीट दिसले. हिरव्या बांगड्या, झेंडूने काळवंडलेली बोटं. माझेच हात! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तशी गत. मी स्वतःला मळाभर शोधत होते आणि सगळा मळा माझ्याच डोळ्यांनी दिसत होता.

सर मोटार बंद करून सरीत वाकले, तर मयूरची हाक, "आई, भूक लागली!" भाकरी देऊन परत आले, तर सासऱ्यांना चहा हवा. धिप्पाड माणूस मळाभर धावत होता, आणि टोपली काही भरेना. लोक पोट धरून हसत होते. मीही हसत होते आणि पदराने डोळे पुसत होते.

"म्हणून तुला बाजूला हो म्हणायचे," तेजू माझ्या कानात म्हणाली. "मला तुझ्या जागेवर उभं राहायचं होतं."

सरांनी डबा काढून घाम पुसला. "ताई, रोज असंच असतं?"

"दसऱ्याला या," मी म्हटलं. "हे तर कायच नाय."

मग माझी पाळी आली. मी चपला काढल्या, साडी वर खोचली, डबा चढवला.

"आई, इथे चिखल नाहीये!"

"म्हाईत हाय मला."

आधी आसरांना हात जोडले. मग पेरूच्या झाडाखाली जाऊन खुशाल फतकल मारून बसले. समोर सगळा मळा पिवळाधमक फुलला होता. इतक्या वर्षांत मी तो असा बसून कधी बघितलाच नव्हता.

"सुवर्णे, मोटार!"

मी हलले नाही.

"आई, भूक लागली!"

तरी नाही.

"आई, अगं मागे रांग लागलीय." ही हाक खरीखुरी होती, तेजूची.

"लागू दे," मी म्हणाले, आणि पाय पसरले.