घरच्या हळदीला कुदळ नाही

थोरलीच्या लग्नात दुकानातली हळद आणावी लागली, कारण घरची कंदकुजीनं पार सडून गेली होती. माझ्या सासूबाई, सारजाबाई, त्या दिवशी जेवल्या नाहीत. तेव्हाच मी ठरवलं, धाकट्या मधुवंतीच्या अंगाला झरी गावातल्या आमच्याच रानातली हळद लागेल.

आमच्या ह्यांनी कृषी विद्यापीठातून ट्रायकोडर्मा आणला. ही म्हणे चांगली बुरशी, कंद सडवणाऱ्या बुरशीला खाऊन टाकते. शेणखतात मिसळून सावलीत ओल्या पोत्याखाली ठेवली. खतावर हिरवट-पांढरी साय धरली तसे हे असे हरखले, की पोरींच्या बारशालाही एवढे हसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी पोतं उचलून पाहिलं, नाक मुरडलं आणि सगळं खत वैशाखाच्या उन्हात पसरून दिलं.

"माय, काय केलंस गं हे?" हे ओरडले.

"बुरशी आली व्हती. ऊन दावलं की मरती."

"आगं, तिलाच तर पाळायलोय मी!"

नातीची हळद आपल्या हातून गेली म्हणून सासूबाई रडायलाच लागल्या. मला राग आला होता, पण त्यांचं तोंड बघून तो विरला. ह्यांनी दुसरं खत तयार करून लागवडीआधी रानात घातलं आणि त्यांना समजावलं, बुरशीला ऊन सोसत नाही, रानही सारखं उलथायचं नाही, मातीतले तिचे धागे तुटतात. हे शेवटचं सांगायलाच नको होतं.

हळद तयार झाली, पाला वाळला, लग्न तोंडावर आलं, आणि सासूबाई बांधावर ठाण मांडून बसल्या.

"कुदळ लावायची न्हाई. धागे तुटतेत."

"आत्याबाई, मग लग्न पुढं ढकलायचं का?" मी सासूबाईंना विचारलं.

"ढकला की."

समजावून ह्यांचा घसा बसला. शेवटी नवरीसकट आम्ही सगळे हातांनी माती उकरायला बसलो. पहिला गड्डा निघाला तो घट्ट, पिवळाजर्द, कुठं सडल्याची खूण नाही. सासूबाईंनी तो मातीसकट छातीशी धरला. मलाही रडू आवरेना.

हळदीच्या दिवशी विहीणबाई आल्या आणि हळद उकरून, वाटून पिवळ्या झालेल्या आमच्या सगळ्यांच्या बोटांकडं, नखांकडं बघतच राहिल्या.

"आवं, नवरी कोणती म्हणायची?"

सासूबाईंनी वाटीत बोटं बुडवली आणि विहीणबाईंच्या दोन्ही गालांना हळद फासली.

"घरची हाय," त्या म्हणाल्या. "तुमी बी लावून घ्या."