खडूच्या रेघेपर्यंत सरपण

काटेसाहेबांनी बत्तीस वर्षे दुकानांतले वजनकाटे तपासले होते. निवृत्तीनंतर तपासण्यासारखे घराखेरीज काही उरले नव्हते. गावाबाहेरच्या दोन खोल्या, मागचे भाजीचे वाफे आणि सात कोंबड्या, एवढ्यावर नवरा-बायको काटकसरीने राहत. भांडी राखेने घासली जात, भाजी धुतलेले पाणी कोबीला जाई, साबणाच्या चिपट्या वितळवून नवी वडी होई. काही वाया जात नसे; गेलेच तर किती गेले, हे काटेसाहेबांना ठाऊक असे.

मागच्या हिवाळ्यात मात्र सरपण महिनाभर आधीच संपले आणि बायकोला धरलेला खोकला दोन महिने हटला नाही. शहरातल्या मुलाने निकराने सांगितले, "बाबा, आता आमच्याकडे चला. खोली रिकामी आहे. तुमच्या काटकसरीपायी आईला गारठवू नका." बऱ्याच तणातणीनंतर ठरले: या खेपेला लाकूड विकत न घेता हिवाळा निभावला तर इथेच राहायचे, नाहीतर सामान बांधायचे.

वठलेल्या झाडांऐवजी काटेसाहेबांनी यंदा बांधावरची उभी झाडे तोडवली. मुलाच्या देखत प्रत्येक ओंडका ताणकाट्याला टांगला. मग मागच्या वर्षीच्या दर आठवड्याच्या खपाने बेरजेला भागले.

"वीस आठवडे. हिवाळा अठराचा. हिशोब झालाय."

बायकोने दोन ओंडके उचलून एकमेकांवर आपटले, कान दिला, काही बोलण्यासाठी तोंड उघडले आणि मिटले. काटेसाहेबांनी ते पाहिले. त्याची नोंद घ्यावी असे त्यांना वाटले नाही.

सरपण रचलेल्या छपरीच्या भिंतीवर त्यांनी खडूने अठरा रेघा ओढल्या: कोणत्या रविवारी ढीग कुठवर उतरलेला असावा, याच्या. शेगडी पेटवणे बायकोकडे होते, रविवारची पाहणी त्यांच्याकडे. पहिल्या रविवारी ढीग रेघेला टेकलेला होता. दुसऱ्या रविवारीही तसाच, आणि तिसऱ्याही.

दहाव्या रविवारी त्यांच्या मनात पाल चुकचुकली. माप नेहमी थोडे इकडेतिकडे होते; दर खेपेस तंतोतंत जुळणारे माप बहुधा कुणीतरी जुळवलेले असते. याच एका गोष्टीवर त्यांनी शेकडो दुकानदार पकडले होते. त्यांनी ढिगाची पुढची रांग उतरवली. मागे रंधा मारलेले, पेन्सिलीच्या खुणा असलेले लाकडाचे तुकडे नीट रचून ठेवले होते.

पेन्सिलीच्या खुणा असलेले लाकूड गावात एकाच ठिकाणचे असू शकत होते. ते सुताराकडे गेले.

"या काटेसाहेब! तपासणी का? माझ्याकडे तराजू नाही हो, फूटपट्टी आहे. ती खरी आहे, शपथेवर सांगतो."

"आमच्याकडे तुमची लाकडं कशी?"

"वहिनी नेतात की. आठवड्याला दोन पोती. आमच्या सगळ्यांच्या पँटींचे गुडघे बघा, त्यांनीच शिवलेत. आता कापड फाटेल, पण टाका सुटायचा नाही." सुतार थांबला. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

"आता आहे," काटेसाहेब म्हणाले.

घरी येऊन त्यांनी चार किलोचा एक ओंडका निवडला आणि शेगडीमागे उभा केला. तीन आठवड्यांनी तो पावणेतीन किलोंचा भरला. वजन त्यांनी बिनचूक केले होते. फक्त त्यातला तिसरा हिस्सा पाणी होते, आणि पाणी जळत नाही. ओल्या लाकडाला ऊब कमी, म्हणून ओंडके जास्त लागत होते, आणि पडणारा खड्डा बायको गुपचूप रेघेपर्यंत भरत होती. ती शेजारीच बसून उसवलेला मोजा रफू करत होती. काट्याकडे तिने पाहिले, त्यांच्याकडे नाही.

अठरावा आठवडा संपला त्या दिवशी मुलगा आला. तो सरळ छपरीत गेला. शेवटच्या रेघेपाशी दोन आठवड्यांचे सरपण शिल्लक होते.

"मानलं, बाबा. हिशोब म्हणजे हिशोब."

आता गप्प बसणे पुरेसे होते. गप्प बसलेले दुकानदार काटेसाहेबांनी पुष्कळ पाहिले होते.

"हिशोब चुकला," ते म्हणाले. "मी पाण्याचं वजन केलं. माझं सरपण बाराव्या आठवड्यात संपलं असतं. पुढचं तुझ्या आईनं सुताराकडून आणलं, कपडे शिवून देऊन."

दारात उभ्या असलेल्या बायकोने हातातली टोपली खाली ठेवली. "अहो, कुणी विचारलं होतं तुम्हाला?"

"म्हणजे तुम्ही हरलात?" मुलाने विचारले.

"हो."

"हरले असतील हे," ती म्हणाली. "पैज तुम्हा बापलेकांची. घर माझंही आहे. लाकूड ओलं होतं हे मला पहिल्याच दिवशी आवाजावरून कळलं. पण हे म्हणाले हिशोब झालाय. झालेल्या हिशोबात बाईमाणसानं तोंड कशाला घालायचं?"

काटेसाहेबांनी तिने खाली ठेवलेली टोपली उचलून हातात धरली.

मुलाने रेघा वरपासून खालपर्यंत मोजल्या. मग त्याने विचारले, "आई, खोकला?"

"एक दिवसही नाही."

"शपथ?"

"सुतारासारखी शपथ कशाला? तुझ्यासमोर उभी आहे. ऐक की छाती."

त्याने खरेच ऐकली. मग पायातले बूट काढून तो घरात शिरला. "राहा इथंच. पण पुढच्या वर्षीचा हिशोब आई करणार."

"तो आजच सुरू होतो," ती म्हणाली. "पुढच्या वर्षीसाठी बांधावर तोडलेलं पडलंय, ते उन्हात रचा. बूट घाल परत."

दुपारी बापलेक लाकूड वाहत होते. ताणकाटा खुंटीवरच राहिला. काटेसाहेबांनी दोन ओंडके उचलले, आजूबाजूला कुणी नाही असे पाहून एकमेकांवर आपटले आणि कान दिला. त्यांच्या मते आवाज बरा होता.

"ओलं आहे ते," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली.

त्यांनी ते ओंडके उन्हाच्या बाजूला ठेवले आणि पुढचे दोन उचलले.