धुऊन काढलेलं विरजण

आमच्या खोऱ्यात बिअर चोरून करता येत नाही. सातूच्या रसात तो आंबवणारं विरजण घालताना ओरडावं लागतं. जितकी आरोळी मोठी तितकी बिअर कडक, असं म्हणतात. आरोळी ऐकू आली की शेजारपाजारचे मनातल्या मनात हिशेब करतात आणि बिअर तयार व्हायच्या दिवशी न बोलावता चाखायला येतात. वाईट झाली असेल तर आवर्जून येतात.

मी दूर बर्गन शहरात विमा कंपनीत. तिथे गॅरेजमध्ये बिअर करण्याचा मला भारी नाद. कडू आयपीए, कॉफीची स्टाउट, रासबेरीची आंबट, गव्हाची धूसर. बाटल्यांना लेबलं, लेबलांवर माझी सही. आमचं पाच जणांचं मंडळ घोट तोंडात घोळवत 'संत्र्याच्या सालीची छटा' वगैरे बोलायचं. बाबांनी एकदा माझी आंबट बिअर चाखली आणि कशावरचं औषध आहे, असं विचारलं.

वसंतात बाबा गेले. नाताळ जवळ आला तशी आई म्हणाली, "एंद्रे, यंदा घरची बिअर तू कर. नाही जमली तर तांब्याचा हंडा तोरगेरला देऊन टाकते. तो कधीचा मागतोय."

तोरगेर म्हणजे पलीकडच्या शेतातला म्हातारा, बाबांचा जन्माचा प्रतिस्पर्धी. आजोबांचा हंडा त्याच्या घरी गेला असता तर मला बर्गनलाच तोंड लपवून बसावं लागलं असतं.

म्हणून मी शास्त्रशुद्ध सुरुवात केली. बिअरचा पहिला नियम, स्वच्छता. तळघरातलं सगळं सामान बाहेर काढून जंतुनाशकात बुडवलं. तुळईला एक लाकडी कडं टांगलेलं होतं, त्यावर तपकिरी खपल्या. शी! बाबा शेवटी शेवटी अगदीच गबाळे झाले होते, असं म्हणत मी ते घासून घासून पिवळंधमक केलं आणि कौतुकाच्या अपेक्षेने आईपुढे धरलं.

आईने कडं हातात घेतलं. "हे आपलं विरजण होतं," ती म्हणाली. "यावरच वाळवून ठेवतात."

मला तिथेच तळघरात गाडून घ्यावंसं वाटलं. पण शहाणपण इतक्या सहज मरत नाही. पिशवीत दुकानातली यीस्टची पुडी होती. बाबा घालायचे तशा कोमट रसात ती घातली आणि अशी आरोळी ठोकली की तोरगेरच्या कुत्र्याने उत्तर दिलं. पुडीतल्या यीस्टला मात्र गारवा लागतो, हे मीच मंडळात भाषण करून सांगितलं होतं.

दोन दिवसांनी झाकण काढलं तर नेलपॉलिशचा वास.

"ही एक बेल्जियन शैली असू शकते," मी म्हणालो.

"शैली नाही ती," आई म्हणाली. "नासलंय."

विरजण मागायला तोरगेरकडे गेलो तर दारातच तो म्हणाला, "आरोळी ऐकली हो. उद्या येतोय आम्ही."

"नका येऊ. तुझं थोडं विरजण दे."

मला वाटलं, आता हसेल. तो हसला नाही. दार लावून त्याने फ्रीझरमधून एक बरणी काढली आणि हळू आवाजात म्हणाला, "कुणाला सांगणार नसशील तर सांगतो. माझं कधीच मेलं. हे तुझ्या बापाचं आहे."

"मग तू दर नाताळात त्यांची बिअर पाणचट म्हणायचास ते कसं?"

"म्हणायला काय जातंय?"

"आणि बाबा?"

"तो मान हलवायचा. म्हणायचा, खरंय तोरगेर, तुझीच भारी."

घरी येऊन पुन्हा रस उकळला, कोमट केला, विरजण घातलं, धुतलेलं कडं त्यात बुडवून वाळत टांगलं. राहिली आरोळी. दुसरी आरोळी म्हणजे पहिली बिअर फसली अशी दवंडीच. आई दारात हाताची घडी घालून उभी होती. मी ओरडलो. समोरच्या डोंगरावरून कुणीतरी मोठमोठ्याने हसल्याचं स्पष्ट ऐकू आलं.

दोन दिवसांनी चाखायला सगळं खोरं आलं. मी कोपऱ्यात उभा. आईने लाकडी वाडग्यातून घोट घेतला, मग आणखी एक, आणि डोळे पुसले. बाबा गेल्यापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मलाही आवरेना.

तोरगेरने वाडगा रिकामा केला, मिश्या पुसल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पाणचट आहे. माझ्या बिअरसारखी नाही."

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. आईने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"खरंय तोरगेर," मी म्हणालो, "तुझीच भारी."

पाहुणे गेल्यावर आईने रिकामा हंडा माझ्या हातात दिला. "तळघरात ठेव, जागच्या जागी," ती म्हणाली. "आणि त्या कड्याला हात लावू नकोस."