टाचण्यांची फळी

देवी आल्या आणि जानकीचे डोळे घेऊन गेल्या. मग वाकोल्याच्या त्या चाळीत जो तो शहाणा झाला. कुणी नवस सुचवला, कुणी दारात उभं राहून उसासे सोडले. दया फुकट मिळते म्हणून लोक ती ओंजळीने वाटतात. जानकीला तिचा वीट आला होता. नवऱ्याने, सहदेवने, दया केली नाही. त्याने देवदारी खोकं फोडून फळी काढली.

अंध बायकांसाठी वनमालाबाईंनी ब्रेलचा वर्ग काढला होता. जागा एकच उरली होती, तीही अक्षरं ओळखणारीलाच. बाईंनी सहदेवला ठिपक्यांचा छापील तक्ता दिला. "हाताला लागेल असं काहीतरी घरीच करा नि शिकवा. शिमग्याआधी मी येऊन बघते."

शिमग्यालाच सहदेवचा थोरला भाऊ बोटीने मालवणला निघणार होता. त्याला सगळे भाऊच म्हणत.

"तिका माझ्यावांगडा गावाक धाड," तो सहदेवला म्हणाला. "हंय चूल कोण पेटवतला?"

"आजची पेज कोणी शिजवल्यान, भाऊ?" जानकी आतून म्हणाली.

"करपलेली ती."

"तरी दोनदा वाढून घेतलात!"

तरी भाऊने बोटीचं बोलणं काही सोडलं नाही. वर्ग मिळाला तर मुंबई, नाही तर गाव आणि जन्मभर माजघराचा कोपरा, हे जानकीला कुणी सांगायला नको होतं.

सहदेवने आधी पुठ्ठ्यावर मसूर चिकटवला. उंदरांनी अर्धी बाराखडी फस्त केली. साबुदाणा लावला, तो घामाने चिकट झाला. सदऱ्याची बटणं लावली, तर जानकी हसत सुटली. "अवो, ह्यावर बोट फिरवलंय की तुमची छातीच आठवता. अभ्यास कसो व्हायचो?" बारीक लोखंडी चुका ठोकल्या, तर त्यांच्या टोकांनी तिच्या बोटातून रक्त आलं. ती फळी त्याने तिथल्या तिथे चुलीत घातली.

शेवटी तो कामाला होता त्या छापखान्यातून टाचण्या घेऊन आला. देवदारात त्या पार आत ठोकल्या, नुसती डोकी वर राहिली. जानकीने बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"ह्या बरा," ती म्हणाली. "वाटाण्याएवढा नाय, सुयेसारखा नाय. ह्या माझ्या बोटाचा."

रोज संध्याकाळी तो तिचं बोट हातात धरून फळीवर नेई. "ह्यो ज. तुझो." पुढे तिला त्याच्या हाताची गरज उरली नाही, तरी ती बोट सोडवून घेत नसे.

बाई आल्या. ठिपके उठवलेला कागद त्यांनी पुढे ठेवला. जानकीने बोट टेकलं.

"ज."

"नाही हो. ह आहे."

"हा इ."

"ए."

"बघ!" भाऊ दारातून म्हणाला. "पेटी भरूक घे."

जानकीच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. "बाई, तुमचो कागद चुकलो," ती म्हणाली.

बाईंनी फळी मागितली. डोळे मिटून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे कुणी केलं? सगळं उलटं आहे, आरशातल्यासारखं."

"मी," सहदेव म्हणाला. "उठावाचं अक्षर उलटंच नको का?"

तो कंपॉझिटर. शिशाचे खिळे जुळवण्यात त्याची उमर गेली होती. खिळा उलटा असतो, तेव्हा कागदावर अक्षर सुलटं उमटतं. त्याच्या बोटांना लागलेलं प्रत्येक उंच अक्षर उलटंच होतं. छापील तक्ता बघून त्याने तो इमानेइतबारे उलटा ठोकला होता.

"माझ्यामुळे गेली तुझी जागा," तो म्हणाला.

"तुमी गप रवा," जानकी म्हणाली. "बाई, ह्या उलट्याचो कायच उपयोग नाय?"

बाई हसल्याच. पिशवीतून त्यांनी खाचांची पाटी आणि टोचणी काढली. "लिहिताना कागद मागून टोचायचा. उजवीकडून डावीकडे, प्रत्येक अक्षर उलटं. मग पान उलटून वाचायचं. माझ्या मुली इथेच रडतात. टोचा बघू."

जानकीने खाच चाचपली. टोचणीचा टकटक आवाज सुरू झाला. मध्ये थांबली, ओठांत काही पुटपुटली, पुन्हा टकटक. भाऊ दारातून पुढे सरकला होता.

बाईंनी कागद उलटला, बोटाने वाचला. "पेज बरी होती," त्या म्हणाल्या. "म्हणजे काय हो?"

भाऊने मान खाली घातली. "बरी होती," तो पुटपुटला. "खोटा कित्याक बोलू."

"सोमवारपासून या, जानकीबाई. वाचणं मी सुलटं करून घेईन."

शिमग्याला भाऊ एकटाच बोटीत चढला. त्याच संध्याकाळी सहदेव पकड घेऊन फळीवरच्या टाचण्या उपटायला बसला. जानकीने आवाजावरून ओळखलं आणि फळी ओढून पोटाशी धरली.

"ही माझी लिवूची. हात लावशात तर बघा. वाचूची दुसरी करा." मग त्याचा हात शोधून तिने तो आपल्या गुडघ्यावर ठेवला. "आणि आता तरी छापखानो दाराभायर ठेवन बसा."