पश्चिमेच्या जाळ्या

सुदामभावजींनी आमच्या घराच्या जाळ्या चोरल्या, तेव्हा माझी रोशनी दहा महिन्यांची होती. चोरल्या हा शब्द घरात कुणालाच आवडत नाही. सासूबाई म्हणतात, "नेल्या." माझा नवरा अमोल म्हणतो, "दिल्या असं समज." मी तसं समजत नाही.

घर माझ्या डोक्यातलं होतं. कल्याणच्या कॉलेजात बांधकामाचा डिप्लोमा केला, तेव्हापासूनचं. म्हसा रस्त्याला आमची चिंचोळी जागा आहे, तिथं दोन खोल्या. जोत्याला इथलाच दगड, भिंतींना दाबून केलेल्या मातीच्या विटा, वर कौलं. आणि पश्चिमेला भिंतच नाही, चौकटीत बसवलेल्या बांबूच्या कामट्यांच्या जाळ्या. नक्षी धान्याच्या कणगीच्या विणीवरून घेतलेली, शंकरपाळ्याशंकरपाळ्यांची. कामट्या मुद्दाम तिरक्या ठेवल्या होत्या. बाहेरची कड खाली, आतली वर. म्हणजे वारा आत येतो आणि पाऊस बाहेरच ओघळून जातो. तेव्हा राहत होतो त्या पत्र्याच्या खोलीत रोशनीचा श्वास घुरघुरायचा. झोपली की मी तिच्या छातीवर हात ठेवून बसायचे. हे घर पावसाआधी उभं राहायलाच हवं होतं.

जाळ्या विणल्या सिद्धगडाखालच्या वाडीतल्या पारूमावशीनं आणि मी, दोघींनी. बांबू थंडीत, अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलेला आणि ओढ्यात मुरवलेला. तसा नसला तर भुंगा लागतो. म्हणजे एकदा गेल्या की पुढच्या थंडीपर्यंत नव्या होत नाहीत.

सुदामभावजी म्हणजे अमोलच्या चुलत्यांचा मोठा मुलगा. ठेकेदार. आमचं काम त्यांच्याकडेच होतं. रोशनीला डोस द्यायला मुरबाडला गेले नि परत आले, तर खळ्यातल्या जाळ्या गायब. तानशाच्या बाजूला मुंबईच्या कुणाचं तरी फार्महाउस ते बांधत होते, तिथं नेऊन लावल्या.

"घरातलंच हाय ना गो," ते म्हणाले. "कामट्याच त्या. सोनं हाय का? तुला मारू ताडपत्री यंदा."

"भावजी, बाळाला दम लागतो."

"आमी काय पत्र्याखाली वाढलो नाय?"

सासूबाईंनी मला डोळ्यांनीच गप्प केलं. मोठा दीर. रोशनीला पाजताना मात्र मी त्यांचं वाईट चिंतायचे. पाजताना असं मनात आणू नये म्हणतात, दुधातून उतरतं. मी आणत राहिले.

अक्षय तृतीयेला त्या फार्महाउसची वास्तुशांत होती. भावजींनी सगळ्या भावकीला बोलावलं. आपलं काम दाखवायचं होतं ना. अमोलची कामावर पाळी होती, म्हणून मी रोशनीला घेऊन सासूबाईंबरोबर गेले.

अंगणात पाय ठेवला आणि माझ्या जाळ्या समोर दिसल्या. दिवाणखान्याची पश्चिमेची बाजू पूर्ण त्यांचीच. मग नीट बघितलं आणि हसू आलं. ते मी रोशनीच्या टोपऱ्यात लपवलं.

सगळ्या जाळ्या उलट्या लावल्या होत्या.

प्रत्येक जाळीच्या एका बाजूला मी जाड काठ विणून घेतला होता. तो खाली यायला हवा होता, कारण जमिनीवरचे शिंतोडे उडून खालचीच कड आधी कुजते. पण आपल्याकडे टोपली बघा, कणगी बघा, जाड काठ कायम तोंडाशी, वर. भावजींनी डोळे झाकून तसंच केलं होतं. आता कामट्यांचा उतार घराच्या आत होता.

"ही नक्षी माझ्या डोक्यातली," भावजी पाहुण्यांना सांगत होते. "अशी डिझाइन तालुक्यात नाय कुणाकडं."

जाळ्या माझ्या आहेत म्हटलं असतं, तर ते हसले असते, आणि सासूबाईंनी परत डोळे वटारले असते. नुसतं गप्प राहिले असते, तर पावसाळ्यात मालक त्यांना शिव्या घालणार होते. पण तोवर माझं घर उघडंच राहिलं असतं. मला जाळ्या हव्या होत्या, त्याही आजच.

ऊन कडक होतं. मालकीणबाई पदरानं वारा घेत होत्या. जाळीला लागूनच त्यांच्या नातवाचा, हर्षितचा, पाळणा होता.

"इथं फार उकडतंय हो बाळाला," मी म्हटलं, आणि तो पाळणा आधी पार आतल्या खोलीत सरकवला. मग बाहेर येऊन म्हणाले, "वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारतात ना, तसं या जाळ्यांवर मारलं तर आत गारवा येईल."

"अय्या, खरंच? सुदाम, येईल का हो?"

"येणारच! डिझाइनच तशी केली मी," भावजी म्हणाले. बागेचा पाइप त्यांनी स्वतःच उचलला.

मी दाराशी उभी राहिले, रोशनीला घट्ट धरून.

पाणी जाळीवर पडलं आणि प्रत्येक कामटीवरून आत धावलं. नव्या सोफ्यावर, सतरंजीवर, गुरुजींच्या पाटावर. गुरुजी सोवळं सावरत उठले. पाहुण्यांत कुणीतरी फिदीफिदी हसलं. "बंद करा! अहो, बंद करा!" मालकीणबाई ओरडल्या. बाहेरून भावजींना काहीच दिसत नव्हतं. ते म्हणाले, "थांबा, अजून गार होईल!"

शेवटी मालकांनी जाऊन नळ बंद केला.

"आणि पावसात काय होणार?" मी विचारलं. अगदी हळू.

"आजच्या आज काढा हे!" मालकीणबाई भिजलेली सतरंजी उचलत म्हणाल्या. "मला काच हवी, साधी काच."

भावजी आत आले. त्यांनी एका ओल्या कामटीवर बोट फिरवलं, मग वरच्या काठाकडे बघितलं. त्यांना कळलं. तोंड उघडणार, तोच मी म्हणाले, "तुमचीच डिझाइन ना भावजी? मग तुम्हीच सांगा काय चुकलं ते."

काय सांगणार? स्वतःच्या डोक्यातली वस्तू कुणी उलटी लावतं?

"टाकूनच देणार असाल तर मी नेते," मी मालकीणबाईंना म्हटलं. "आमच्या झोपडीला चालतील."

"ने गं बाई, ने. डोळ्यांसमोर नकोत मला."

भावजींच्याच टेंपोत, भावजींच्याच माणसांनी जाळ्या उतरवून चढवल्या. प्रत्येक दोरी मी हातानं ओढून बघितली. पुढे ड्रायव्हरशेजारी मी, रोशनी आणि सासूबाई बसलो. भावजींच्या मोटारसायकलवर त्यांचे साडू आधीच निघून गेले होते. एवढं हसं झाल्यावर सोबतीला कोण थांबणार? भावजी मागे चढले, ओल्या कुडत्यानिशी.

मुरबाडकडचा रस्ता खड्ड्यांनी भरलेला. मी रोशनीला छातीशी आवळून धरलं. जाळ्या जागच्या हलत नव्हत्या. भावजींना मात्र धरायला काही नव्हतं.

"हळू रे! हळू चालीव!" मागून आवाज येत होता.

"ड्रायव्हरला ऐकू येत नाय वाटतं," सासूबाई म्हणाल्या. "तू सांग ना गो त्याला."

मी काही सांगितलं नाही.