मागच्या चाकांचा बार

माझ्या बायकोला, गौतमीला, पौड रस्त्यावर गाडीनं उडवून मारणारा इंद्रजित जामिनावर सुटला. दर रविवारी तो अजून ताम्हिणी घाटात गाडी पळवतो. मी मागे लागायचो, पण माझी छोटी गाडी वळणात नीट न वळता पुढून बाहेरच्या बाजूला ओढायची आणि तो निसटायचा.

फिरोज मेस्त्री म्हणाला, "काका, मागच्या चाकांमधला स्वे बार, गाडी कलू न देणारी सळई, जाड घालू. वळण धरंल."

"सगळ्यात जाड घाल."

"न्हाई. मागचं टोक घसरून दरीत जाल. मधला घ्या."

मी मधला घेतला. मला मरायचं नव्हतं.

त्या रविवारी प्रत्येक वळणावर मी त्याच्या आरशात होतो. शेवटी तो थांबून खाली उतरला.

"काका, कशाला मागं लागलाय?"

"तू चालव," मी म्हणालो. "मी हाय मागं."